खासगी बोटीची फेरी अर्धवट राहिल्याबद्दल व लाइफ जॅकेट न दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
बोटिंग विभाग

महोदय,

रविवार, दि. १६ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी ८ वाजता विष्णुपुरीच्या जलाशयात तीन तासांच्या फेरीसाठी आम्ही आपली एक अख्खी बोट ठरवली होती. माणसे सहा. ७,२०० रुपये आगाऊ ऑनलाइन भरले.

ही फेरी वडिलांसाठी होती. त्यांचे वय ७८. लहानपणी ते गूळ करायच्या काहिलीत बसून गोदावरी पार करत. काळेश्वराचे दर्शन घ्यायचे आणि उन्हं तापायच्या आत नदीतून वरच्या अंगाला जाऊन यायचे, एवढीच त्यांची हौस. सकाळ छान गार होती, पाण्यावर धुकं होतं. वडील मफलर गुंडाळून साडेसातलाच काठावर येऊन बसले होते.

बोटीत लाइफ जॅकेट चारच निघाली. त्यातल्या दोघांचे बंद तुटलेले, आणि माझ्या सहा वर्षांच्या पुतणीच्या मापाचे एकही नव्हते. मी विचारले तर आपला माणूस म्हणाला, "काही होत नसतंय काका, रोजच जाऊ लागलोत आम्ही." तेव्हाच आम्ही उतरायला हवे होते. वडिलांचा चेहरा पाहून मला उतरवले नाही, आणि त्याची बोच अजून आहे.

चाळीस मिनिटांनी पंख्यात जलपर्णी गुंतली आणि इंजिन बंद पडले. बोटीत वल्हे नव्हते, दोर नव्हता, काठावर फोन केला तर कुणी उचलेना. सव्वा तास आम्ही भर पात्रात अडकून होतो. बोट एका अंगाला कलली की पुतणी आजोबांना घट्ट मिठी मारायची. ते तिला "काठ जवळच आहे गं" म्हणत राहिले. काठ जवळ नव्हता. शेवटी एका मासेमाराने आम्हाला ओढून आणले. त्या भल्या माणसाने पैसेही घेतले नाहीत.

पैसे परत मागितल्यावर आपल्या कार्यालयाने "ही नैसर्गिक आपत्ती आहे" असे कळवले. हे मला मान्य नाही. यंदा पावसाळ्यात पूर येऊन गेला, तरी जलपर्णीचे ते पट्टे काठावरूनही दिसत होते. रोज जाणाऱ्याला ते ठाऊक असणारच. आणि वल्हे न ठेवणे ही कसली आपत्ती? नदीत चालणाऱ्या बोटींसाठी २०२१ साली झालेल्या कायद्यात जीवरक्षक साधनांची तरतूद आहे. बिलही आम्हाला मिळालेले नाही; मागूनही बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

माझी मागणी अशी की ७,२०० रुपये पूर्ण परत करावेत, बिल द्यावे, आणि लहान मुलांसह प्रत्येकाच्या मापाचे जॅकेट व दोन वल्ही असल्याशिवाय एकही बोट पाण्यात सोडू नये. पैशांपेक्षा मला ही शेवटची गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण कार्तिकात काळेश्वराला येणारी कितीतरी घरे लेकरांना घेऊन त्याच बोटीत बसतात.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पैसे भरल्याची पावती आणि तुटलेल्या जॅकेटांचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला,
एक ग्राहक, नांदेड