पत्र्यावर पाय ठेवण्याआधीची दहा मिनिटे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की सोलापूरच्या पूर्व भागात आणि अक्कलकोट रस्ता व चिंचोळी येथील औद्योगिक वसाहतींत एकच घाई सुरू होते. शेडचे गळके पत्रे बदलणे, हौद आणि सेप्टिक टाक्या उपसणे, जुनी वायरिंग काढणे, लोखंडी सांगाड्याला वेल्डिंग मारणे ही सगळी कामे मे महिन्याच्या अखेरीस उरकायची असतात. ती रोजची कामे नव्हेत आणि ती करणारी माणसेही बहुधा त्या कारखान्याची नसतात. ठेकेदार त्यांना सकाळी घेऊन येतो आणि संध्याकाळी हिशेब होतो. यंत्रमागावरचा कामगार वर्षानुवर्षांच्या सवयीने आपल्या यंत्राचा धोका जाणतो, परंतु या बाहेरून आलेल्या माणसाला त्या जागेविषयी काहीच ठाऊक नसते, आणि काम सुरू करण्यापूर्वी त्याला ते सांगण्याची पद्धत आपल्याकडे जवळजवळ नाही. या एकाच मुद्द्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सिमेंटच्या पत्र्याचे उदाहरण घेऊ. खालून पाहिले तर तो भक्कम दिसतो. प्रत्यक्षात उन्हापावसात मुरलेला जुना पत्रा माणसाचे वजन पेलेलच अशी खात्री कोणालाही देता येत नाही. शेडमध्ये उजेड यावा म्हणून मधूनमधून बसवलेले फायबरचे पत्रे तर अधिकच घातक, कारण चार-पाच वर्षांची धूळ आणि कापसाचे तंतू बसून ते आजूबाजूच्या पत्र्यांसारखेच करडे होतात आणि वर चढलेल्याला ते वेगळे ओळखू येत नाहीत. ‘बोल्टच्या रांगेवरून चाला, खाली अँगल (पत्र्याला आधार देणारी लोखंडी पट्टी) आहे,’ असा सल्ला मुकादम देतात. त्यात तथ्य आहे, पण हातात नवा पत्रा धरून वाऱ्यात चालणाऱ्या माणसाचा तोल वीतभर जरी ढळला, तरी त्या सल्ल्याचा काही उपयोग उरत नाही. खाली माग असतात, सूत गुंडाळलेले बीम असतात, आणि अनेकदा ते चालूही असतात.

अशा ठिकाणी वर चढण्यापूर्वी दहा मिनिटे थांबून काही प्रश्न विचारावे लागतात. हे काम वर न जाता, खालून परांची किंवा चाकांचा मनोरा लावून होईल का? होणार असेल तर प्रश्नच मिटला. होणार नसेल, तर किमान दोन-तीन अँगलवर टेकतील इतक्या लांब फळ्या किंवा शिड्या पत्र्यावर आडव्या टाकता येतील का, खाली जाळी बांधता येईल का, त्या पट्ट्यातले माग बंद ठेवून माणसे हलवता येतील का? फायबरचे पत्रे कोठे आहेत ते आतून उजेडात पाहून वर रंगाने खूण करता येईल का? काम सकाळी सातला सुरू करून, पत्रा तापण्याच्या आत थांबवता येईल का? सोलापूरच्या मे महिन्यातल्या दुपारी त्या पत्र्यावर हात टेकवत नाही, मग तिथे घेरी येणे हे नवल नव्हे. सुरक्षा पट्ट्याचा विचार या सगळ्यानंतर येतो आणि त्यातही पहिला प्रश्न असा की, पट्ट्याची दोरी बांधायची कोणत्या आधाराला? माझ्या पाहण्यातल्या बहुतेक ठिकाणी पट्टा कमरेला असतो आणि त्याची दोरी खांद्यावर गुंडाळलेली असते.

सुरक्षाशास्त्रात हाच क्रम सांगितलेला आहे. धोका मुळातूनच काढून टाकता आला तर उत्तम. ते शक्य नसल्यास कमी धोक्याची पद्धत किंवा वस्तू वापरावी, मग कठडे, जाळ्या, आवरणे यांसारखी अडसराची सोय करावी, मग कामाची वेळ, परवानगी आणि देखरेख ठरवावी, आणि या सर्वांनंतरही जो धोका उरतो त्यासाठी हेल्मेट, हातमोजे, पट्टा द्यावा. आपल्याकडे हा क्रम सर्रास उलटा चालतो. हेल्मेटचे वाटप झाले, त्याचे छायाचित्र निघाले की मालक आणि ठेकेदार दोघेही मोकळे होतात. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ घेतली जाते, फलक लागतात; त्याला माझा विरोध नाही, मात्र आमचे पत्र्याचे काम मेमध्ये असते.

टाकीत उतरण्याचा धोका याहून फसवा आहे, कारण तो दिसत नाही. सेप्टिक टाकीत किंवा रंगकामाच्या सांडपाण्याच्या हौदात साचणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी राहतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, परंतु प्रमाण वाढल्यावर हा वायू नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, आणि वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस आत पाऊल टाकतो. पेटता दिवा किंवा कागद सोडून पाहण्याची जुनी रीत तर मिथेनमुळे स्फोटाला आमंत्रण देणारी आहे. पहिला कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही तिथेच राहतो, हे देशभरातल्या बातम्यांत आपण वारंवार वाचतो. सेप्टिक टाकी संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारसफाईतील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. उपसा करणारी गाडी बोलावली तर टाकीत कोणाला उतरावेच लागत नाही, आणि तिचे भाडे या रकमेपुढे किती, हा हिशेब तरी व्यापारी शहराला समजावा.

वेल्डिंगबाबत थोडक्यात सांगतो. ठिणगी कित्येक फूट लांब उडते, सुताच्या गठ्ठ्यात किंवा छताच्या कोपऱ्यातील कापसाच्या धुळीत पडते आणि तासन्तास धुमसत राहते. म्हणून आधी परिसर झाडून माल हलवणे, हाताशी पाणी व अग्निशामक ठेवणे आणि काम संपल्यावर किमान अर्धा तास एका माणसाने तिथेच थांबून लक्ष ठेवणे आवश्यक असते. वायरिंगच्या कामात मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी. अक्कलकोट रस्त्यावरील वसाहतीत १८ मे २०२५ रोजी एका टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा जीव गेला. त्या आगीच्या कारणांवर मी काही बोलणार नाही. पण कारखान्याच्या आवारात रात्री माणसे झोपतात तिथे बाहेर पडायची दुसरी वाट कोणती, हा प्रश्न प्रत्येक मालकाने स्वतःच्या शेडमध्ये उभे राहून विचारावा.

कायद्याविषयी एक गोष्ट नमूद करतो. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयक संहितेनुसार विजेवर चालणाऱ्या ठिकाणाला कारखाना म्हणण्यासाठी किमान २० कामगारांची अट आहे; १९४८ च्या मूळ कारखाने अधिनियमात ती १० होती. आपल्याकडील कित्येक यंत्रमाग शेड या रेषेच्या अलीकडेच राहतात, त्यामुळे निरीक्षक येईल आणि मग पाहू, असे म्हणत थांबण्यात अर्थ नाही. यंत्रमागधारकांच्या संघटनांनीच एक पानी तपासणी-पत्रक तयार करावे. ते कार्यालयात बसून भरू नये. जागेवर उभे राहून, काम करणाऱ्याला बोलते करून भरावे. ते मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही असावे, कारण आपल्या शेडमध्ये याच भाषा बोलल्या जातात, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ते वाचून दाखवावे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने त्यासाठी मार्गदर्शन द्यावे, ही विनंती.

खरी अडचण मात्र पैशाची आहे. पत्र्याचे काम नगावर ठरते; जितके पत्रे बसतील तितकी मजुरी. अशा दरात फळ्या चढवण्यात गेलेला तास मजुराच्या खिशातून जातो, म्हणून तो फळ्या टाकत नाही, आणि त्याला दोष देऊन उपयोग नाही. तेव्हा कारखानदारांनी कोटेशन मागतानाच फळ्या, जाळी, मनोरा आणि माग बंद ठेवण्याचा वेळ यांची रक्कम वेगळ्या ओळीत लिहून घ्यावी, आणि ती ओळ कोरी ठेवून सर्वांत कमी दर देणाऱ्या ठेकेदाराला काम देऊ नये.

आपला,
एक निवृत्त देखभाल पर्यवेक्षक,
सोलापूर