गुण कशाचा, ते प्रेक्षकांनाही कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात शहराच्या पूर्व भागात एका मंडळाच्या कबड्डी स्पर्धेत उपांत्य सामना पाहताना जो गोंधळ झाला, तो पंचांच्या चुकीमुळे नव्हे, तर निर्णयाचे कारण कोणीच न सांगितल्यामुळे झाला. चढाईपटू डाव्या कोपरारक्षकाला हूल देता देता राखीव क्षेत्रात, म्हणजे लॉबीत, गेला. कोणालाही स्पर्श झालेला नव्हता. पंचांनी त्याला बाद दिले आणि पाहुण्या संघाचे समर्थक थेट मैदानात उतरले. निवेदकाने ‘एक गुण’ एवढेच पुकारून गाणे लावले.

पुरुषांच्या 13 बाय 10 मीटरच्या मैदानात दोन्ही कडांना एकेक मीटरचा हा पट्टा असतो. स्पर्श किंवा झटापट होईपर्यंत तो खेळाबाहेर, आणि झटापट सुरू होताच तोच पट्टा मैदानाचा भाग. त्यामुळे त्याच जागी पडलेला पाय एका क्षणी बाद आणि पुढच्या क्षणी वैध ठरतो. 2023 च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेतील भारत-इराण अंतिम सामना 28-28 अशा बरोबरीत असताना नेमक्या याच नियमावरून बराच वेळ थांबला होता, मग आपल्याकडील प्रेक्षकांना तरी दोष कसा द्यावा?

बोनसचेही तसेच. समोर सहा किंवा सात बचावपटू असतानाच तो मिळतो, हे ठाऊक नसल्याने माझ्या शेजारचे आजोबा पाच जणांसमोर बोनस रेषा ओलांडणाऱ्या मुलाचा गुण ‘खाल्ला’ म्हणून पंचांना शेवटपर्यंत बोल लावत होते. त्यांनी उमेदीच्या काळात हुतूतू गाजवलेला. दम मोजण्यात मात्र त्यांचा कान आजही पक्का आहे.

दूरचित्रवाणीवर तीच चढाई पुन्हा दाखवतात, समालोचक नियम सांगतो. मातीवरच्या सामन्यात ती सोय नाही. म्हणून आयोजकांना विनंती, की प्रत्येक वादग्रस्त गुणानंतर निवेदकाने कारणाचे एक वाक्य सांगावे, आणि आपल्या सोलापुरात ते मराठीबरोबर तेलुगू व कन्नडमध्येही सांगितले तर उत्तमच. शिवाय पाच मिनिटांच्या मध्यंतरात लॉबीच्या रेषांवर पुन्हा फक्की ओढावी. त्या दिवशी पाय पडला, तेथे रेषा केव्हाच पुसून गेली होती.

आपला,
एक कबड्डीप्रेमी वाचक, सोलापूर