मिडी कीबोर्डच्या पॅडचा चॅनेल लिनक्सवर बदलता येत नसल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या कंपनीचा ४९ पट्ट्यांचा यूएसबी मिडी कीबोर्ड (वाजवलेले स्वर संदेशरूपाने संगणकाला पाठवणारा) मी आमच्या संगीतवर्गासाठी विकत घेतला. वर्गातील संगणकावर डेबियन लिनक्स आहे, आणि ‘वेगळ्या ड्रायव्हरची गरज नाही’ असे खोक्यावर ठळक छापलेले असल्यामुळेच मी याची निवड केली. पट्ट्यांपुरता हा दावा खरा आहे. केबल लावताच मिडी उपकरणे जोडणाऱ्या ‘ए-कनेक्ट’ या प्रोग्रामच्या यादीत कीबोर्डचे नाव आले, तो फ्लुइडसिंथ या सॉफ्टवेअर सिंथेसायझरला जोडला आणि बफर (वाजण्याआधी साठवला जाणारा ध्वनीचा भाग) २५६ फ्रेमवर आणल्यावर स्वर विनाविलंब उमटू लागला.

माझी तक्रार पॅडबद्दल, म्हणजे कीबोर्डवरच्या तालवाद्यांसाठीच्या बटणांबद्दल, आहे. जनरल मिडी या मानकाच्या संकेतानुसार तालवाद्ये मिडीच्या सोळा चॅनेलांपैकी (संदेशांच्या मार्गांपैकी) दहाव्या चॅनेलवर असतात. आपले पॅड मात्र कारखान्यातूनच पहिल्या चॅनेलवर लावून आलेले आहेत. त्यामुळे पहिला पॅड दाबला की बास ड्रमऐवजी पियानोचा खर्जातला स्वर वाजतो. दोष सिंथेसायझरचा नाही, कारण येणारे मिडी संदेश दाखवणाऱ्या ‘ए-सेक-डंप’मध्ये कीबोर्डकडून येणारा संदेशच चॅनेल ०, स्वर ३६ असा दिसतो (हा प्रोग्राम चॅनेल शून्यापासून मोजतो, तेथे ९ दिसायला हवा होता). मधल्या एखाद्या प्रोग्रामने चॅनेल बदलावा, तर सर्वांत डावीकडची पट्टीही त्याच चॅनेलवर स्वर ३६ च पाठवते, त्यामुळे पट्टी कोणती आणि पॅड कोणता हे संगणकाला वेगळे करता येत नाही.

हा चॅनेल बदलण्याची सोय कीबोर्डवर कुठेही नाही. ती केवळ आपल्या एडिटरमध्ये, म्हणजे संगणकावरून कीबोर्डची सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आहे, आणि तो एडिटर विंडोज व मॅकसाठीच मिळतो. ‘विंडोज वापरा’ हे आपल्या प्रतिनिधींचे उत्तर मला मान्य नाही. एका सेटिंगसाठी वर्गातली सगळी व्यवस्था बदलायला सांगणे अन्यायाचे आहे, आणि खोक्यावर अशी कोणतीही अट छापलेली नाही.

आपला एडिटर जे सिस्टिम एक्स्क्लुझिव्ह संदेश (उत्पादकाने स्वतःच्या उपकरणासाठी ठरवलेले खास मिडी संदेश) कीबोर्डला पाठवतो, त्यांचा तक्ता आपण प्रसिद्ध करावा. तेवढे मिळाले तर ‘ए-मिडी’ या लिनक्सवरच्या साध्या आज्ञेने ते पाठवता येतील आणि आपल्याला नवे सॉफ्टवेअर लिहावे लागणार नाही. ते शक्य नसल्यास कीबोर्ड परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

सोबत: खरेदीची पावती, खोक्याचे छायाचित्र, ‘ए-सेक-डंप’ची नोंद.

आपली विश्वासू,
एक ग्राहक