उमरग्याच्या टेम्पोवाल्या दादांस, आमची नावे लिहून घेतल्याबद्दल

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव मला माहीत नाही आणि माझे नाव तुम्हाला आठवत असेल अशी अपेक्षाही नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या सकाळी ते नाव तुम्ही स्वतःच्या हाताने, निळ्या शाईच्या बॉलपेनने, माझ्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत लिहिले होते. माझे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि तालुका. त्या दोन ओळींमुळे मी माझ्या माणसांना परत मिळाले. हे पत्र त्याबद्दलच्या आभाराचे आहे. ते असे उघड लिहिते आहे, कारण तुमच्यापर्यंत पोचण्याचा दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

आमचे गाव सास्तूरच्या परिसरातले, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यात येणारे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून माणसे उशिरा घरी आली आणि दमून गाढ झोपली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास १०,००० माणसे गेली, ५२ गावे पार जमीनदोस्त झाली, हे आकडे सर्वांना ठाऊक आहेत. माझ्या घरातले त्यांतले तिघे: आई, वडील आणि धाकटा भाऊ.

गेली काही वर्षे मी गावातल्या बायामाणसांकडून त्या दिवसाच्या आठवणी ऐकून वहीत उतरवते आहे. सगळ्यांची सुरुवात आवाजापासून होते. कोणी म्हणते खडीचे शेकडो ट्रक एकदम ओतल्यासारखा, कोणाला तो शब्दांत सांगताच येत नाही. मग धूळ. माळवदाची पांढरी माती तोंडात, नाकात, डोळ्यांत गेली, आणि बाहेर पडलेल्यांनाही उजाडेपर्यंत एकमेकांची तोंडे ओळखता येईनात. एका मावशींना आजही सर्वांत स्पष्ट आठवते ती शांतता. गावात एकही कुत्रे भुंकत नव्हते आणि ढिगाऱ्याखालून येणाऱ्या हाका एकेक करत कमी होत होत्या. दुसऱ्या एकीला आठवते ते गणपतीच्या मंडपातले गॅसबत्तीचे कंदील, कारण तेवढाच उजेड हाताशी होता आणि तो घेऊन तिचा दीर घराघरापाशी फिरत होता.

वर्षभर आधी, १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये, किल्लारीच्या बाजूला धक्के बसले होते. तेव्हा माणसे बाहेर झोपू लागली, पुन्हा धक्के थांबले, थंडी आली, आणि सगळे घरात परतले. त्यांना दोष देता येत नाही. देशाच्या भूकंपाच्या नकाशात आमचा मुलूख तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. आणि घरे तर आम्हाला किल्ल्यासारखी वाटत: दोन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी खण आणि त्यावर उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेलेला मातीचा थर. अनेक ठिकाणी लाकडाचे खांब आणि तुळया जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि भिंती मात्र आत-बाहेर ढासळल्या. ज्याला घर मोठे त्याच्यावर ओझेही मोठे पडले. मी वाचले ती ओसरीवरच्या कणगीमुळे. तुळई तिच्यावर अडकली आणि खाली माझ्यापुरती पोकळी राहिली.

इथे आणखी काही जणांचे आभार मानल्याखेरीज मला पुढे जाता येत नाही, कारण तुम्ही येण्याआधी ते आले होते. गावाबाहेरच्या वस्तीत कुडाच्या आणि पत्र्याच्या घरांत राहणारी माणसे बरीचशी वाचली, आणि पहिल्या तासाभरात ढिगारे उपसायला धावली ती तीच. ज्या वाड्यांच्या उंबरठ्याच्या आत त्यांना कधी घेतले गेले नव्हते, त्या वाड्यांचे दगड त्यांनी हातांनी बाजूला केले. त्यांच्याबरोबर होते शेतात जागलीला गेलेले माझे चुलते. त्या सर्वांनी मिळून मला बाहेर काढले तेव्हा झुंजूमुंजू झाले होते. माझा उजवा पाय मांडीत मोडला होता. चुलत्यांनी मला बाभळीखाली निजवले आणि ते पुन्हा आमच्या घराकडे गेले. आत अजून तिघे होते.

दिवस वर आला तेव्हा तुमचा टेम्पो आला. तो उमरग्याचा, हे चुलते पुढे सांगत. तुम्ही कुठल्या मंडळाचे, हे विचारण्याचे त्या वेळी कोणालाच भान नव्हते. टाटा ४०७ होता. त्याच्या फळ्यांना झेंडूच्या माळा तशाच बांधलेल्या होत्या आणि हौद्यात गुलाल सांडलेला होता; रात्री त्यातून गणपती नेला असणार. तुम्ही चार-पाच जण होतात, सगळ्यांच्या सदऱ्यांवर गुलाल, आणि डोळे जागरणाने तांबारलेले. कोणी हुकूम दिला म्हणून तुम्ही आला नव्हतात. धक्का तुमच्या गावीही बसला होता आणि तुमचीही घरेदारे, बायकापोरे होती. तरी तुम्ही निघालात. तुम्ही मंडपाचे कापड हौद्यात घडी घालून अंथरले, आमच्यापैकी ज्यांची हाडे मोडली होती त्यांना त्यावर आडवे केले आणि बसू शकणाऱ्यांना कडेने टेकवले.

मग टेम्पो लगेच न हलवता तुम्ही खिशातले पेन काढलेत.

वहीतल्या सगळ्या आठवणींत या एका गोष्टीवर मी पुन्हा पुन्हा येऊन थांबते. बाकी सारे घाईत होते, ओरडत होते, आणि त्यांनी घाई करणे योग्यच होते. तुम्ही मात्र प्रत्येकाजवळ गुडघे टेकून बसलात आणि नाव विचारलेत. जे बोलू शकत नव्हते त्यांच्याबद्दल खाली उभ्या असलेल्यांना विचारलेत: ‘हे लेकरू कुणाचं?’ माझा हात आधी ओल्या टॉवेलने पुसलात, कारण मातीवर शाई उमटत नव्हती. पेन अडले की ते स्वतःच्या तळव्यावर गिरवून चालू करत होतात. एका तान्ह्या मुलाचा हात फार लहान होता, म्हणून त्याच्या पाठीवर लिहिलेत. कोणी शिकवले होते तुम्हाला हे? त्या सकाळी लिहायला कागद कुणापाशी असता तरी तो हरवला असता. हात हरवणार नव्हता.

चुलते माझ्याबरोबर येऊ शकले नाहीत. त्यांना गावात मृतांचे करायचे होते, आणि ते किती भयंकर झाले हे तुम्ही नंतर ऐकले असेल. सरण कमी पडले तेव्हा पडलेल्या घरांचेच वासे आणि दारे चितेला लागली. जखमींना न्यायला जी गाडी मिळेल ती निघत होती, कोणी लातूरकडे, कोणी उमरग्याकडे, कोणी सोलापूरकडे. तुम्ही आम्हाला घेऊन महामार्गाला लागलात आणि नळदुर्गवरून सोलापूर गाठलेत. खड्डा आला की मागे कण्हणे वाढायचे आणि तुम्ही गाडीचा वेग कमी करायचात. त्या रस्त्यात मला एवढेच कळत होते.

सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात आमच्यासारख्यांची रीघ लागलेली होती. बोलू न शकणारी, बोलायची भीती वाटणारी, नुसती छताकडे बघणारी मुले खाटांवर आणि खाटांमध्ये जमिनीवर होती. तिथल्या एका परिचारिकेने माझ्या हातावरची अक्षरे पाहिली आणि सलाइन मुद्दाम दुसऱ्या हाताला लावले. अंग पुसतानाही तेवढा हात वगळला. काही दिवसांनी अक्कलकोटहून माझे मामा शोधत आले. माझे डोके भादरलेले, त्यावर टाके, चेहरा सुजलेला. ते माझ्या खाटेवरून पुढे निघून गेले होते. ओळीच्या टोकाला जाऊन परत आले, तेव्हा त्यांनी हात वाचला. शाई फिकी झाली होती, पण वडिलांचे नाव वाचता येत होते. मामा रडले की नाही ते मला आठवत नाही. त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही, हे आठवते.

पुढच्या गोष्टी सर्वज्ञात आहेत. पावसाने झोडपले, लष्कराचे जवान चिखलात खणत राहिले आणि मंगरूळला पाच दिवसांनी दीड वर्षांची मुलगी जिवंत निघाली. बघ्यांच्या गाड्यांनी रस्ते अडले. त्याची चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही. पोरकी झालेली शेकडो मुले शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला नेली, तर काहींना नळदुर्गजवळ पन्नालाल सुराणा यांच्या ‘आपलं घर’ने सांभाळले. गावे नव्या जागी वसली. जमिनीच्या हिशेबाने कोणाला अडीचशे, कोणाला साडेचारशे, कोणाला साडेसातशे चौरस फुटांचे घर मिळाले. मी मामांकडे वाढले, शिकले आणि आता शाळेत शिकवते. मदत खूप आली, देशातून आणि देशाबाहेरून, आणि तिचे मोल मी जाणते. पण ती येईपर्यंत आम्ही ‘भूकंपग्रस्त’ झालो होतो. त्या पहिल्या सकाळी मी अमक्याची मुलगी, अमक्या गावची होते, आणि ते तुम्ही लिहून ठेवलेत.

तुमच्याकडे माझे एक मागणे आहे. टेम्पोत माझे डोके मांडीवर घेऊन एक वृद्ध आजी बसल्या होत्या. हिरवे इरकल नेसलेल्या, कपाळावर मोठे गोंदण, आणि त्या वाटेत सतत आपल्या बैलजोडीबद्दल विचारत होत्या. त्यांच्याही हातावर तुम्ही नाव लिहिलेत. त्या आमच्या गावच्या नव्हत्या. वाटेत दुसऱ्या कुठल्या गावाहून तुम्ही त्यांना आधीच गाडीत घेतले असणार. सोलापुरात त्यांना दुसरीकडे नेले आणि त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. आसपासच्या गावांत मी विचारून पाहिले, पण त्यांचा पत्ता लागलेला नाही. त्यांचे नाव, गाव तुम्हाला आठवत असेल, किंवा तुमच्यासोबतच्या कोणाला आठवत असेल, तर कृपया कळवा. आणि तुम्ही पहाटे कुठून निघालात, आधी कुठल्या गावात गेलात, आम्हाला उतरवल्यावर पुन्हा किती फेऱ्या केल्यात, हेही मला लिहून घ्यायचे आहे. आमच्या वहीत तुमच्या बाजूची पाने अजून कोरी आहेत. सास्तूरच्या कोणत्याही शाळेत निरोप ठेवलात तरी तो माझ्यापर्यंत येईल.

तुम्हाला आणि त्या दिवशी टेम्पोत असलेल्या तुमच्या सर्व सोबत्यांना माझा आणि माझ्या मामांचा नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुमची,
डाव्या हातावर नाव लिहिलेली एक धाकटी बहीण