बंदूक टाकली तर पुनर्वसन, दप्तर टाकलं तर?

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, जय सेवा.

मी गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यातल्या एका लहान गावचा शेतकरी आणि दोन पोरांचा बाप. यंदा पावसाळा लागला आणि आमच्या शाळेचे एकुलते एक गुरुजी प्रतिनियुक्तीवर उचलले गेले. "तात्पुरतं आहे, पंधरा ऑगस्टपर्यंत परत येतील," असं ग्रामसभेला सांगितलं होतं. दिवाळी उलटली, शाळेला कुलूप आहे. आतल्या पोषण आहाराच्या तांदळात सोंडे झालेत. कागदावर मात्र पोरं रोज खिचडी खात असतील, अशी माझी खात्री आहे.

या गुरुजींना आमची माडिया बोली शिकायला दोन पावसाळे लागले. आता कुठे पहिलीतली पोरं त्यांच्यापाशी तोंड उघडू लागली होती. नवीन येणारा पुन्हा "मराठीत बोला" पासून सुरू करणार. आला तर.

ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षल्यांचा मोठा नेता भूपतीने 60 साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रं ठेवली. आनंद आहे. आमच्याइतका आनंद मुंबईत कुणाला झाला नसेल, कारण मेलेली माणसं आमची होती, दोन्ही बाजूंची. पण ही पोरं जंगलात गेली कशी, ते कधी विचारलंत?

माझा धाकटा भाऊ चौथी शिकला. पाचवीला आश्रमशाळा, मध्ये नदी. तिथं आजारी पडला, पळून आला, गुरं राखू लागला. रात्री दादालोक, म्हणजे नक्षली, यायचे, गाणी म्हणायचे. याला वाचता येतं म्हणून पत्रकं याच्याच हातात द्यायचे. शाळा सुटल्यावर त्याच्या हातात पुन्हा छापील कागद ठेवला तो त्यांनी, सरकारने नाही. एक दिवस तो गेला. मग पोलीस मला बसवून ठेवायचे, "भाऊ कुठंय?" दलमवाले, म्हणजे नक्षल्यांची टोळी, विचारायचे, "पोलिसांना काय सांगितलंस?" माझी तरणी वर्षं या दोन प्रश्नांत गेली. आई वारली तेव्हा खांदा द्यायला तो नव्हता. पुढे त्याने आत्मसमर्पण केलं, त्याला पैसे मिळाले, बरं झालं. मी शेवटपर्यंत बंदूक उचलली नाही, म्हणून मला काही मिळालं नाही. माझ्या पोरानं दप्तर टाकलं, त्याचं पुनर्वसन कोणत्या योजनेत बसतं?

कायदा मला पाठ आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा आणि त्याचे नियम, पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत. शाळा आत आहे, गुरुजी बाहेर आहेत. 2023 मध्ये तुमच्याच खात्याने 20 पेक्षा कमी पटाच्या, पंधरा हजारांच्या घरातल्या शाळांकडे बोट दाखवून लहान शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची टूम काढली. कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरवणाऱ्या मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या निर्णयाने सहावी ते आठवीला 20 च्या खाली पट असेल तर शिक्षकच नको म्हटलं. पुण्यात बसून नकाशावर दोन गावं जवळच दिसतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडच तुटतं साहेब, आमचं काय घेऊन बसलात?

आणि सरकारला जमत नाही असं म्हणू नका. मार्च 2025 मध्ये कवंडेला पोलीस मदत केंद्र 24 तासांत उभं केलंत! सुरजागडचं लोखंड न्यायला रस्ता होतो, ट्रक रात्रंदिवस जातात. एक गुरुजी मात्र तालुक्याहून गावात यायला वाट सापडत नाही. नक्षलग्रस्त भाग म्हणून एकस्तर वेतनश्रेणी, म्हणजे एक पायरी वरचा पगार, आहे, ती घेणारे नक्की कुठल्या भागात बसतात, तेवढी यादी लावा एकदा. विचारायला गेलं तर शाळा जिल्हा परिषदेची, आश्रमशाळा आदिवासी विकासची, धोरण मंत्रालयाचं. पोरं तेवढी आमची.

पूर्वी म्हणायचे, नक्षल्यांमुळे शिक्षक येत नाहीत. आता ते तर शरण आले. नवीन कारण कळवा, म्हणजे गावात सांगता येईल.

प्रतिनियुक्ती या महिन्यात रद्द करा आणि आमच्या शाळेला माडिया येणारा दुसरा शिक्षक द्या. ग्रामसभेचा ठराव सोबत जोडला आहे. त्यावर सह्या कमी, अंगठे जास्त आहेत. का, ते तुमच्या खात्याला माहीत असेलच.

आपला,
भामरागड तालुक्यातील एक पालक