थायरॉईडची गोळी, पहाटेचा चहा आणि पोट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत स्त्रियांचे थायरॉईडचे विकार आणि आतड्यांचे आरोग्य या विषयावर आलेला लेख वाचला. पचनसंस्थेचा आणि थायरॉईडचा संबंध आहे, हे लेखातील मूळ विधान बरोबर आहे आणि त्याकडे लक्ष वेधल्याबद्दल आभार मानायला हवेत. मात्र आतडी ‘शुद्ध’ केली की काही महिन्यांत थायरॉईडची गोळी बंद करता येते, असा जो सूर लेखाच्या उत्तरार्धात लागला आहे, त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. मी तालुक्याच्या गावी सत्तावीस वर्षे औषधांचे दुकान चालवते. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. पण ही गोळी नेणाऱ्या बायका माझ्याशी जितक्या मोकळेपणी बोलतात तितक्या डॉक्टरांच्या खोलीत पाच मिनिटांत बोलू शकत नाहीत, म्हणून हे पत्र.

गर्भात थायरॉईड ग्रंथी तयार होते तीच मुळी आद्य अन्ननलिकेच्या अगदी वरच्या भागातून, म्हणजे घशाच्या तळापासून; तिथून ती खाली सरकत मानेत येऊन बसते. पुढे आयुष्यभर दोघींचे एकमेकींवाचून चालत नाही. थायरॉईडचा स्राव कमी पडला की आतड्यांची हालचाल मंदावते, पोट साफ होत नाही, फुगल्यासारखे वाटते. स्राव वाढला की दिवसातून चार वेळा शौचाला धावावे लागते. हा त्रास स्त्रियांच्याच वाट्याला अधिक येतो. भारतातील आठ शहरांतील पाहणीचे जे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले (पाहणीत मुंबई आणि गोवाही होते), त्यांनुसार प्रौढ स्त्रियांपैकी जवळजवळ १६ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे ५ टक्के जणांमध्ये थायरॉईडची कमतरता आढळली. शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच ग्रंथीवर हल्ला करण्याच्या विकाराला हाशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकाचे नाव आहे. त्यांनी १९१२ मध्ये ज्या चार रुग्णांचे वर्णन केले, त्या चौघीही स्त्रियाच होत्या.

प्रतिकारशक्तीचा हा गोंधळ पुष्कळदा एका अवयवावर थांबत नाही, आणि पोटाचा खरा संबंध इथे सुरू होतो. हाशिमोतो विकाराच्या काही रुग्णांमध्ये जठराच्या अस्तरातील आम्ल तयार करणाऱ्या पेशींवरही असाच हल्ला होतो. आम्ल कमी झाले की लोह नीट शोषले जात नाही, आणि त्याच पेशींकडून मिळणारा एक घटक कमी पडल्यामुळे बी-१२ही शोषले जात नाही. आपल्याकडे बी-१२ कमी निघाले की ‘तुम्ही शाकाहारी, असे होणारच’ म्हणून विषय संपवला जातो. ते अनेकींच्या बाबतीत खरेही असते. पण थायरॉईडचा विकार असलेल्या बाईचे बी-१२ गोळ्या घेऊनही वर येत नसेल, तर एकदा जठराकडे पाहायला हवे, असे मला वाटते. दुसरा आजार सीलिअ‍ॅक, ज्यात गव्हातील ग्लुटेनमुळे लहान आतड्याचे अस्तर झिजते. थायरॉईडच्या रुग्णांमध्ये तो इतरांपेक्षा अधिक आढळतो, तरी शंभरातल्या थोड्याच जणींना असतो. आपल्या लेखातील ‘सर्वांनी गहू सोडून पाहावा’ हा सल्ला म्हणूनच मला अडचणीचा वाटतो. सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी लागते. आधी गहू सोडला की तपासणीत काही दिसत नाही, आणि खरोखर आजार असलेली बाई निदानाविना राहते. ज्यांना तो आजार नाही, त्यांनी हौसेने ज्वारी-बाजरीची भाकरी जरूर खावी, मीही खाते. पण त्याने थायरॉईड बरा होतो असे म्हणायला आज पुरेसा आधार नाही. आतड्यातील जिवाणूंचेही तसेच. हाशिमोतोच्या रुग्णांमध्ये त्यांची घडण वेगळी दिसते असे अभ्यास आहेत, पण जिवाणू बदलल्यामुळे आजार झाला की आजारामुळे जिवाणू बदलले, हे त्यांतून ठरत नाही. तेवढ्यावरून हजार-दोन हजारांची पावडर विकणे हा व्यापार झाला.

आता, लेखात एका ओळीत उरकलेल्या आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येते. रुग्णाला जी गोळी मिळते ती लिव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या कमी पडलेल्या स्रावाची भर काढणाऱ्या औषधाची. पन्नास मायक्रोग्रॅमची गोळी म्हणजे एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग औषध. ते लहान आतड्यात शोषले जाते, आणि अनशापोटी घेतले तरी साधारण ७० ते ८० टक्केच शोषले जाते. ते विरघळायला जठरातील आम्ल लागते. रोममधील डॉक्टरांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे जठराला सूज असलेल्या किंवा जठराचे अस्तर झिजलेल्या रुग्णांना हेच औषध २२ ते ३४ टक्के जास्त लागते. म्हणजे आतड्याचा आणि थायरॉईडचा सर्वांत रोजचा, मोजता येणारा संबंध हा की, गिळलेल्या गोळीतले नेमके किती औषध रक्तात पोहोचते.

आणि आपल्या घरांत ही गोळी घेतली कशी जाते? बाई पाच-साडेपाचला उठते, गॅसवर आधण ठेवते, गोळी तोंडात टाकते आणि दहाव्या मिनिटाला चहा घेते. पित्ताची गोळीही ‘उपाशीपोटी’ असते, म्हणून तीही त्याच घोटाबरोबर जाते. पन्नाशी उलटलेली असेल तर कॅल्शियम, पंडुरोग असेल तर लोह, आणि विसरायला नको म्हणून सगळे एकत्र. कॅल्शियम आणि लोह आतड्यात या औषधाला अक्षरशः धरून ठेवतात. त्यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचे अंतर हवे. पित्ताच्या रोजच्या गोळीने आम्लच कमी होते. चहा-कॉफी आणि न्याहारी गोळीनंतर अर्ध्या ते एका तासाने घ्यावी. गरोदर बाईची तारांबळ तर विचारू नका: सरकारी योजनेतून लोहाची गोळी आणि दिवसातून दोनदा कॅल्शियम, त्यात थायरॉईडच्या औषधाची गरज त्या काळात वाढलेली. तिला वेळांचा कागद कोणीतरी लिहून द्यायला हवा, आणि तो बहुधा कोणीच देत नाही. जिला सकाळ जमतच नाही, तिने रात्री जेवणानंतर तीन तासांनी गोळी घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत झोपताना घेतलेल्या गोळीचा परिणाम सकाळपेक्षा चांगलाच दिसला होता. गोळ्यांची बाटली गॅसच्या शेजारी चहासाखरेच्या डब्यांत ठेवू नये, हेही जाता जाता सांगते. उष्णता आणि ओल या औषधाला सोसत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकेचा डोस काही वर्षांत ५० वरून १५० वर गेला होता. टीएसएच (थायरॉईड कमी पडला की रक्ततपासणीत वाढलेला दिसणारा आकडा) काही केल्या खाली येईना, आणि त्या आतडी साफ करण्याचा कसलासा काढा घ्यायच्या विचारात होत्या. बोलता बोलता कळले की कॅल्शियम आणि थायरॉईडच्या गोळ्या त्यांनी एकाच छोट्या डबीत घालून ठेवल्या आहेत. वेळा बदलल्यावर काही आठवड्यांत त्यांना धडधड होऊ लागली, कारण आता तोच डोस जास्त ठरत होता! डॉक्टरांनी तपासणी करून तो कमी केला. म्हणून वेळ बदलली तरी सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहायलाच हवे. जास्त झालेले औषध हृदयाला आणि हाडांना बाधते.

‘शुद्धी’नंतर बरे वाटल्याचे अनुभव आपल्या लेखात आहेत. ते खोटे असतील असे मी म्हणत नाही. पण या औषधाचा निम्मा अंश शरीरातून जायलाच सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे गोळी सोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे बाईला काहीच फरक जाणवत नाही. उलट तळलेले आणि गोड बंद केल्याने पोट हलके वाटते. थकवा, सूज, केसगळती नंतर येते, आणि तोवर काढ्याची दुसरी बाटली विकत घेतलेली असते. केसांसाठी म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व घेणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. त्याच्या मोठ्या मात्रेने काही प्रयोगशाळांमधील थायरॉईडच्या तपासणीचे आकडेच चुकतात, म्हणून तपासणीपूर्वी निदान दोन दिवस ते बंद ठेवावे लागते.

आपणांस विनंती अशी की, त्याच पुरवणीत, त्याच जागी, गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये एवढे ठळक छापावे, आणि सोबत कोणत्या गोळीत किती अंतर ठेवावे याची एक चौकट एखाद्या अंतःस्रावतज्ज्ञांकडून तपासून द्यावी. ती कापून दुकानाच्या काउंटरवर चिकटवायची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, सांगली जिल्हा