नवी दक्षिण

हमामात्सु, 18 मे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणणारच. पण व्हिडिओ कॉलवर मला आईचं अर्धं कपाळ आणि आपला बाहेरच्या खोलीतला पंखा एवढंच दिसतं. शिवाय डोळ्याला ताण नको म्हणून बाबाच वाचून दाखवतील, म्हणजे त्यांचीही संध्याकाळ जाईल. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आई, थेंब वेळेवर घालतेस ना? ऑपरेशनला मी हवी होते, हे मला कळतं. त्याबद्दल पुन्हा काही बोलत नाही.

इथलं बाकी सगळं नेहमीचंच. भाजणी संपली, मेतकूट अजून आहे.

आता टोकियोचं. आत्याने ‘एकटी पोरगी, परका मुलूख’ सुरू केलंय असं दादाकडून कळलं. दादा बडोद्याहून रात्रीच्या गाडीने मुंबईला जातो तेव्हा त्याला कुणी काही विचारत नाही. मी एकटी गेले, एकटी आले, बायकांच्या हॉस्टेलात राहिले. पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती, ती सांगून टाकते. 4 तारखेला सकाळी तुमचे तीन फोन आले आणि नंतर मी म्हटलं की नेटवर्क नव्हतं. नेटवर्क होतं. मी शिंजुकु स्टेशनात हरवले होते आणि रडका आवाज तुम्हाला ऐकवायचा नव्हता.

बाबा, आपल्या बडोद्याच्या स्टेशनला बाजू दोन. एक नंबरकडून बाहेर पडलं की सयाजीगंज, दुसरीकडून अलकापुरी. चुकलंच तर गरनाळ्यातून, म्हणजे रुळांखालच्या रस्त्याने, पलीकडे जायचं, पाणी भरलेलं नसेल तर. शिंजुकुला बाहेर पडायच्या वाटा दोनशेच्या वर आहेत. कोरोनाच्या आधी तिथून रोज पस्तीस लाखांच्या आसपास माणसं जायची, म्हणजे दोन बडोदी रोज आत-बाहेर. मला फुजीकडे जाणारी बस पकडायची होती आणि तो बसस्टँड दक्षिण बाजूला, रुळांच्या वर बांधलेला. मी उएनोहून यामानोते लाइनने आले. ती गोल फिरणारी गाडी, तीस स्टेशनं, झोप लागली तरी फिरून तिथेच. इथवर काही चुकलं नाही. मग पिवळ्या पाट्या बघत निघाले, कारण बाहेरच्या वाटा पिवळ्यावर लिहिलेल्या असतात. पण दक्षिण एक नाही! दक्षिण आहे, नवी दक्षिण आहे, आग्नेयेलाही दार आहे. वास्तुशास्त्रवाल्याने काढलंय जणू. गर्दीच्या लोंढ्यात मी पश्चिमेला वाहत गेले आणि जमिनीखालच्या दुकानांत पोचले. आकाशच दिसेना, दक्षिण कशी कळणार? बस गेली. पुढची सीट दोन तासांनी मिळाली.

शेवटी गेटवरच्या रेल्वेवाल्याला तिकीट दाखवलं. तो केबिनमधून बाहेर आला, माझ्याबरोबर वळणापर्यंत चालला, पांढरा हातमोजा घातलेलं बोट वरच्या पाटीवर रोखलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “शिन्-मिनामि.” म्हणजे नवी दक्षिण. मीही बोट रोखून तसंच म्हटलं. तो हसला नाही, मान हलवली. त्याचं न हसणंच मला बरं वाटलं.

हे बोट दाखवण्याचं प्रकरण बाबांसाठी सविस्तर लिहिते. सुरुवातीला मला वाटायचं या लोकांना काहीतरी झालंय. ड्रायव्हर रिकाम्या केबिनमध्ये एकटा असतो, तरी सिग्नलकडे बोट करून मोठ्याने सिग्नल बोलतो. वेळापत्रकावर बोट, घड्याळावर बोट. मागच्या डब्यातला गार्ड (आता आपल्याकडे ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण तुम्ही गार्डच म्हणणार) खिडकीतून वाकून पूर्ण प्लॅटफॉर्मवर बोट फिरवतो, दारं लागली की “योशी!” म्हणजे ठीक. ऐकायला कुणी नसलं तरी. मला समजेना की कुणासाठी ओरडतात. ऑफिसातल्या सीनियर बाईंनी सांगितलं, स्वतःसाठी. नुसतं बघितलं तर मन दुसरीकडे असू शकतं. डोळा, हात, तोंड, कान चारही एका कामाला लावले की मनाला पळायला जागा उरत नाही. इथल्या रेल्वेच्या संशोधन संस्थेने चाचणी घेतली तेव्हा शंभर कामांमागे चुका 2.38 वरून 0.38 वर आल्या. तुम्ही म्हणाल, आपले ड्रायव्हर आणि असिस्टंटही सिग्नल एकमेकांना बोलून दाखवतात. खरंय. पण तिथे दोघं असतात. इथे एकटा माणूस स्वतःलाच सांगतो आणि त्याला लाज वाटत नाही.

मीही आता सकाळी शेगडीकडे बोट करून “गॅस बंद, योशी” म्हणून निघते. बाबा रात्री कडी तीनदा ओढून बघतात त्यावर मी हसायचे, ते मागे घेते.

फुजी दिसला नाही, ढग होते. फोटोत मागे जो आहे तो दुकानाबाहेरचा पोस्टर आहे. वहिनीला सांगू नका, तिने स्टेटसला ठेवलाय.

पैसे परवा पाठवलेत. येन घसरलाय म्हणून आकडा कमी दिसेल, मी कमी पाठवलेले नाहीत. आधी डोळ्याचं बिल आणि चष्मा, उरलं तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पावसाच्या आत. दादाकडून घेऊ नका, त्याचे हप्ते चालू आहेत. पुण्याच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. फोटो बघितला, माणूस बरा वाटतो. पत्रिका मात्र इतक्यात देऊ नका. दिवाळीला आले की समोरासमोर बघू. आत्याला एवढंच सांगा.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, हे मोठ्याने वाचू नका. कंपनीने करार आणखी दोन वर्षं वाढवून दिलाय आणि मी गेल्या शुक्रवारी सही केली. दिवाळीची सुट्टी मागितली आहे, अजून मंजूर व्हायची आहे. आईला जेवण झाल्यावर सांगा.